‘फाइन’ म्हणजे छान, ठीक, बारीक की दंड?

तुमचा प्रश्न असा: ‘फाइन’ हा एकच इंग्रजी शब्द छान, ठीक, बारीक आणि दंड या चारही अर्थांनी कसा चालतो, कुठे कोणता अर्थ घ्यायचा आणि त्याच्या जागी दुसरे कोणते शब्द वापरता येतात?

आधी सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट सांगतो. ‘फाइन म्हणजे छान’ हे शाळेत पाठ झालेलं असतं आणि तिथेच फसगत होते. ‘द फूड वॉज फाइन’ याचा अर्थ ‘जेवण छान झालं होतं’ असा होत नाही. ‘जेवण ठीक होतं, तक्रार नाही’ इतकाच होतो. वाढणाऱ्याला ही दाद वाटणार नाही, उलट थोडं लागेलच. दाद द्यायची तर ‘डिलिशस’, ‘लव्हली’, ‘एक्सलंट’ यांतलं काहीतरी म्हणा. ‘युअर रिपोर्ट इज फाइन’ हा शेराही ‘चालेल’ या जातीचा आहे, शाबासकीचा नाही. ढोबळ उतरंड लावायची तर ओके, फाइन, गुड, ग्रेट, एक्सलंट अशी लागते. म्हणजे फाइन तळापासून दुसऱ्या पायरीवर.

मग ‘शी इज अ फाइन सिंगर’ म्हणजे ठीकठाक गाणारी का? नाही, इथे ती उत्तम गायिका आहे. फरक शब्दाच्या जागेमुळे पडतो. फाइन नामाच्या आधी आला की बहुधा उत्तम किंवा दर्जेदार, आणि ‘इज’, ‘वॉज’नंतर आला की ठीक, धडधाकट, सुखरूप. ‘अ फाइन टीचर’ म्हणजे उत्तम शिक्षक. ‘द टीचर इज फाइन’ म्हणजे शिक्षकांना काही झालेलं नाही. हवामान मात्र या नियमात बसत नाही. ‘द वेदर इज फाइन’ आणि ‘अ फाइन डे’ या दोन्हींत आभाळ मोकळं आहे आणि पाऊस नाही. उपरोधही नामाआधीच येतो: ‘अ फाइन मेस’ म्हणजे चांगलाच घोळ, ‘अ फाइन फ्रेंड यू आर’ म्हणजे ‘वा, छान मित्र आहेस!’ मराठीतलं ‘छान’ अशा वेळी अगदी याच सुरात येतं.

दुसरी कसोटी ‘व्हेरी’ची. ठीक या अर्थाच्या फाइनला व्हेरी चालत नाही, म्हणून ‘आय अ‍ॅम व्हेरी फाइन’ कानाला खटकतं. ठीक असण्यात कमीजास्त नसतं. जोर द्यायचाच तर ‘जस्ट फाइन’, ‘परफेक्टली फाइन’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूटली फाइन’ म्हणतात. ‘आजारी होतो, आज फाइनर आहे’ हेही चूक, तिथे ‘बेटर’च हवं. उत्तम आणि बारीक या अर्थांना मात्र व्हेरी, फाइनर, फाइनेस्ट सगळं चालतं, कारण दर्जा आणि बारीकपणा मोजता येतो.

बारीक हा अर्थ सगळ्यात रंजक आहे, आणि तिथे मराठी माणसाची वेगळी पंचाईत होते. आपला ‘बारीक’ फार ऐसपैस आहे, इंग्रजीत त्याचे तुकडे होतात. बारीक माणूस ‘थिन’, बारीक वाळू ‘फाइन’, बारीक आवाज ‘फेंट’, बारीक ताप ‘स्लाइट’, बारीकसारीक चुका ‘मायनर’, बारीक लक्ष ‘क्लोज’. फाइन येतो तो धागा, केस, भुकटी, चाळणीची जाळी, भुरभुर पाऊस, पेनाचं टोक अशा गोष्टींना. केसांत तर दोन्ही शब्द येतात आणि अर्थ बदलतो. ‘फाइन हेअर’ म्हणजे एकेक केस तलम, मग ते डोकंभर का असेनात. ‘थिन हेअर’ म्हणजे केस विरळ. केस कापणाऱ्याला सांगताना ही गल्लत महागात पडू शकते.

यातूनच ‘फाइन प्रिंट’ आला, करारातल्या बारीक अक्षरांतल्या अटी. ‘फाइन लाइन’ म्हणजे दोन गोष्टींमधली पुसट सीमारेषा. ‘कटिंग इट फाइन’ म्हणजे वेळ अगदी काठावर आणून ठेवणं. क्रिकेटमधला ‘फाइन लेग’ही इथलाच. खेळपट्टीची रेषा यष्ट्यांच्या मागे सरळ वाढवली, तर तिच्याशी लहान कोन करून उभा असलेला क्षेत्ररक्षक ‘फाइन’ आणि काटकोनात उभा असलेला ‘स्क्वेअर’.

क्रियाविशेषणाचा एक सापळाही आहे. ‘इट वर्क्स फाइन’ म्हणजे नीट चालतं, इथे ‘फाइनली’ करायचं नाही. ‘फाइनली चॉप्ड’ म्हणजे बारीक चिरलेलं. ‘शेवटी’ या अर्थाचा फाइनली वेगळा. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एल’ दोनदा येतो, बारीकवाल्यात एकदाच. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून स्पेलिंग चुकतं.

आता दंड. सत्तेनं नियमभंगाबद्दल वसूल केलेले पैसे म्हणजे फाइन. ‘पेनल्टी’ त्याहून व्यापक आहे, त्यात पैसे असतीलच असं नाही. गुण कापणं किंवा खेळात प्रतिपक्षाला संधी देणं हीसुद्धा पेनल्टीच. ‘फी’ आणि ‘चार्ज’ हा सेवेचा किंवा उशिराचा आकार, त्यात गुन्ह्याचा भाव नाही. ‘डॅमेजेस’ ही नुकसानभरपाई, ती सरकारजमा न होता ज्याचं नुकसान झालं त्याला मिळते. क्रियापद म्हणून ‘ही वॉज फाइन्ड फॉर स्पीडिंग’ अशी रचना होते. हा ‘फाइन्ड’ आणि ‘सापडणे’वाला ‘फाइंड’ उच्चारात तंतोतंत सारखे, संदर्भानंच ओळखायचे. बाजाराच्या बातमीत ‘आयर्न ओअर फाइन्स’ दिसलं, तर तो लोहखनिजावरचा दंड समजू नका, ते चुऱ्यासारखं बारीक खनिज असतं.

हे सगळं एका शब्दात कसं मावलं? मुळाशी लॅटिन ‘फिनिस’ आहे, म्हणजे शेवट, सीमा. जुन्या फ्रेंचमधून त्याच्या दोन वाटा फुटल्या. जे शेवटाला, पूर्णत्वाला गेलं ते उत्कृष्ट, मग शुद्ध, मग नाजूक आणि बारीक. सोन्याच्या शुद्धतेला ‘फाइननेस’ म्हणतात ते यामुळेच. ती हजारात मोजतात, 22 कॅरेटची 916 आणि 18 कॅरेटची 750. दुसरी वाट भांडण मिटवण्याची. वाद संपवणारी तडजोड म्हणजे फाइन, आणि पुढे ती तडजोड करताना भरलेले पैसे म्हणजेही फाइन. इंग्लंडमध्ये जमिनीच्या अशा तडजोडी एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहीत. दोन प्रती दोन पक्षांना आणि तळाची, म्हणजे ‘फूट’ (पायाकडची), सरकारकडे, म्हणून त्या दप्तराचं नाव ‘फीट ऑफ फाइन्स’. ही तिसरी प्रत ठेवण्याची पद्धत 1195 मध्ये सुरू झाली आणि ही कायदेशीर रीत 1833 च्या कायद्यानं बंद झाली. ‘फायनान्स’ हा शब्दही याच घराण्यातला, देणं चुकतं करण्यातून आलेला. तसं पाहिलं तर एका शब्दाला इतके अर्थ असण्याचं आपल्याला नवल वाटू नये. आपला ‘दंड’ही काठी, बाहू, व्यायाम आणि शिक्षा असा चार ठिकाणी राबतो.

संभाषणातला फाइन राहिला. कुणी चहा किंवा मदत देऊ केली आणि तुम्ही ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणालात, तर तो नकार आहे. ‘नको, राहू दे.’ हवं असेल तर ‘येस, प्लीज’ म्हणा. ‘दॅट्स फाइन’ म्हणजे माझी हरकत नाही. आणि चॅटवर नुसतं ‘फाइन’ लिहून पुढे पूर्णविराम दिला, तर समोरचा बहुधा ‘बरं, कर तुला हवं ते’ असं वाचतो. राग नसेल तर ‘शुअर’ किंवा ‘साउंड्स गुड’ लिहा.