नाल्यापाशी पट्टा का वळतो?

प्रश्न : सांगेकडच्या डोंगराळ भागाच्या सरावनकाशावर लोहखनिजाचा पट्टा नाल्यापाशी 'व्ही' अक्षरासारखा वळतो. नैर्ऋत्येला वाहणाऱ्या नाल्यात व्हीचे टोक उगमाकडे आहे, ईशान्येला वाहणाऱ्या नाल्यात मात्र मुखाकडे. म्हणजे थराला घडी पडली आहे, असे समजायचे का?
– भूशास्त्राची विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : नाही. प्रवाह बाजूला ठेवून होकायंत्राच्या दिशा पाहा, दोन्ही टोके ईशान्येलाच आहेत. म्हणजे पट्टा ईशान्येला कललेला आहे. असा थर ईशान्येकडे खोल खोल जातो. नाल्याने जमीन जितकी खाली कोरली, तितका तो पुढे, ईशान्येला उघडा पडतो. उभा, 90 अंशांचा थर मात्र डोंगर-दरी न जुमानता सरळ रेषेत जातो आणि आडवा थर समोच्च रेषांना (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) धरून चालतो. गोव्यातल्या सत्तरीच्या घाटात डेक्कन ट्रॅपचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे थर साधारण तसेच आडवे दिसतात.

एक अपवाद लक्षात ठेवाच. थर प्रवाहाच्याच दिशेला, पण नाल्याच्या तळापेक्षा कमी उताराने कललेला असेल, तर टोक उगमाकडे जाते आणि व्ही समोच्च रेषांच्या व्हीपेक्षा लांबट होतो.

खात्री करायची तर पट्ट्याची एकच कड घ्या. ती कड 100 मीटर उंचीच्या समोच्च रेषेला जिथे दोनदा छेदते, ते बिंदू जोडा. ही स्ट्राइक रेषा, म्हणजे थरावरची समान उंचीची रेषा. तशीच 40 मीटरची काढा. दोघींतले लंबांतर 105 मीटर भरले, तर 60 भागिले 105 हा डिपचा, म्हणजे थराच्या कलाच्या कोनाचा टॅन्जंट, म्हणून डिप सुमारे 30 अंश. रेषा समांतर आल्या तर थर न वाकता एकसारखा कललेला आहे, दिशा बदलत गेली तर घडीचा संशय घ्या. 1:50,000 च्या नकाशावर हे करू नका, तिथे 1 मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर 50 मीटर!

पट्टा रुंद दिसला म्हणून थर जाड ठरत नाही. सपाट जमिनीवर 10 मीटर जाडीचा थर 30 अंशांना 20 मीटर रुंद दिसतो, 10 अंशांना जवळजवळ 58.

प्रत्यक्ष जागेवर जाल तेव्हा मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असलेल्या खडकावर होकायंत्र टेकवू नका, सुई भरकटते. दूर उभे राहून स्ट्राइकच्या रेषेत नजर लावा. सड्यावरच्या जांभ्याच्या कडेवरून किंवा उतारावर घसरलेल्या दगडांवरून डिप मोजू नका. नाल्याच्या तळाशी जागचा घट्ट खडक सापडेल, मोजमाप तिथेच घ्या.