चार पानं चाकाला, दीड ओळ कार्डाला

पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. लिहिणारी 41 वर्षांची, माहेर सांगलीचं, एकटी राहते. आधी पुण्यात आणि मग अ‍ॅम्स्टरडॅमजवळ मिळून पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मॅनेजर झाली, रोज रात्री दात घट्ट आवळून झोपायची. 2024 च्या सुरुवातीला पोर्तुगालमधल्या काल्दाश द रैन्या नावाच्या छोट्या गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मातीकाम शिकायला लागली. कप, बशा, टाइल्स बनवते, बाजारात मांडून विकते. ती विचारते, "ताई, मी पळून आलेय का? आई अजून सगळ्यांना सांगते की मी कंपनीतच आहे. मेमध्ये लग्नाला गेले तर काका म्हणाले, इंजिनिअरिंग करून मडकी? मी इथे खरंच सुखात आहे, मग मला झोप का लागत नाही?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. बँकेत होते ना मी, सवय जात नाही, माणूस काय म्हणतो यापेक्षा कुठल्या रकान्यात किती भरलंय ते आधी बघते. तर तुझ्या पत्रात चाकाला आणि भट्टीला चार पानं आहेत. काकांना अर्धं पान. तुझं रेसिडन्स कार्ड आठ महिन्यांनी संपतंय आणि ज्या डच कंपनीच्या रिमोट कामावर ते मिळालं ते काम मार्चमध्येच बंद झालंय, याला दीड ओळ. आणि "बाबांचा खुबा मोडल्यापासून वहिनीने तिचे क्लासेस बंद ठेवलेत" याला अर्धी ओळ, तीही कंसात.

झोप का लागत नाही विचारतेस. मला वाटतं त्या दोन ओळींमुळे.

आधी कार्डाचं घेऊ, कारण त्याला तारीख आहे. तू गेलीस ती रिमोट काम करणाऱ्यांच्या व्हिसावर, त्याला तिथल्या किमान पगाराच्या चौपट कमाई दाखवावी लागते, 2024 ला किमान पगार 820 युरो होता म्हणजे महिना 3280. आज तू कप विकून चांगल्या महिन्यात 400 मिळवतेस आणि घरभाडं 550, स्टुडिओ आणि भट्टीचा वाटा 120, खाणंपिणं-वीज धरून 350. म्हणजे महिन्याला सहाशेवर युरो बचतीतून जातायत आणि तूच लिहिलंयस की बचत अजून चौदा महिने पुरेल. आता मला सांग, यात माती चुकली कुठे, देश चुकला कुठे? चुकलं इतकंच की तू हा कागद ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावून घेतलास. तुझ्या परिस्थितीत रिन्यूअलला काय काय दाखवावं लागेल, दुसऱ्या कुठल्या प्रकारात बसता येईल का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला याच आठवड्यात विचार. फेसबुक ग्रुपवर नको, तिथे प्रत्येकाच्या चुलतभावाचं काम झालेलं असतं.

आणि टेस्टिंगचं काम परत घे. पूर्ण नाही, आठवड्याचे दोन-तीन दिवस, फ्रीलान्स. मला माहितीये हे वाचून तुझे दात परत आवळले गेले असणार. पण ऐक, तुझ्या त्याच गावातला तो बोर्दालो पिन्येइरू, ज्याच्या कोबीच्या पानासारख्या दिसणाऱ्या वाडग्यांबद्दल तू दीड पान लिहिलंयस, तो मूळचा व्यंगचित्रकार. 1884 मध्ये त्याने काल्दाशला मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला, आज गावाची ओळखच ती झालीय, 2019 पासून युनेस्कोच्या क्रिएटिव्ह शहरांच्या यादीत हस्तकलेसाठी गावाचं नाव आहे. पण म्हणून त्याने व्यंगचित्रं सोडली का? नाही, 1900 साली, म्हणजे चोपन्नाव्या वर्षी, त्याने परत नवं व्यंगचित्रांचं नियतकालिक सुरू केलं. त्याला कुणी हरला म्हणालं नाही. तू आठवड्यातून तीन दिवस कुणाच्या तरी पेमेंट पेजमधले बग शोधलेस म्हणून तुझा कप खोटा होत नाही.

फक्त यावेळी हिशेब नीट कर. फ्रीलान्सर तिथे देतात त्या हिरव्या पावत्या, रेसिबुश व्हेर्दिश, त्यावर काम करशील तर पहिल्या बारा महिन्यांची सूट संपल्यावर सोशल सिक्युरिटी सुरू होते, सेवांच्या उत्पन्नाच्या 70 टक्क्यांवर 21.4 टक्के, म्हणजे शंभराच्या पावतीमागे साधारण पंधरा गेले असं धरून चाल, इन्कम टॅक्स वेगळा. हे आधी बाजूला काढायचं, मग उरलेलं आपलं. पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आलाय, पाव, चावी, साबण आणि तू माती कालवतेस ते घमेलंसुद्धा, तर तू पगाराला एवढं घाबरून थेट पगाराच्याच माहेरी जाऊन राहिलीस याचं मला हसू आलं, रागावू नकोस.

आता अर्धी ओळ. ही मला जास्त महत्त्वाची वाटते.

आधी माझं सांगते. 2001 मध्ये सरकारी बँकांची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, निघाली तेव्हा मी त्रेचाळीसची होते, घेतली, आणि गोधड्या करायला बसले. आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांपासून सुरुवात, मग प्रदर्शनं, मग ऑर्डरी. लोक म्हणायचे काय धाडस केलंस गं, आणि मीही मान डोलवायची. एका गोधडीला मला नव्वद-शंभर तास लागायचे आणि मी ती अशा भावाला विकायचे की तासाला चहाचे पैसेसुद्धा सुटत नसत. चाललं कसं? नवऱ्याचा पगार चालू होता म्हणून चाललं. माझी साधी राहणी त्याच्या लोकलच्या पासवर उभी होती आणि हे मी सात वर्षं तोंडाने कबूल केलं नाही, उलट तो ऑफिसातून दमून आला की त्यालाच "तुला आयुष्य जगताच येत नाही" असं ऐकवायचे. एक दिवस तो शांतपणे म्हणाला, मला पण काहीतरी सोडायचं होतं, पण तुझा नंबर आधी लागला. त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

तर तुझी वहिनी. सांगलीत राहते, दुपारी तीन ते सात गणिताचे क्लासेस घ्यायची असं तू लिहिलंयस, तिच्या नावाची पाटी होती घरावर. जुलैपासून ते बंद. का, तर बाबांना उठवायचं, बसवायचं, फिजिओथेरपीला न्यायचं, आईच्याने होत नाही आणि दादा कामावर. म्हणजे तुमच्या घरात एकाच वेळी दोन बायकांनी काम सोडलं. एकीने सोडलं तर ते "कन्व्हेन्शनल करिअर मागे टाकून साधं, क्रिएटिव्ह आयुष्य" झालं, दुसरीने सोडलं तर ते कंसात गेलं. मी तुला टोचायला लिहीत नाहीये गं, पण हे आपल्याकडचं जुनंच आहे. कुंभाराच्या घरात पिढ्यान्पिढ्या चाक फिरवणाऱ्याला कुणी साधं आयुष्य जगतो म्हणत नाही, त्याला गरीब म्हणतात, आणि त्याने पोरीला कॉम्प्युटरला घातलं की सगळे बरं केलंस म्हणतात. साधेपणा निवडता येणं ही पण एक श्रीमंतीच आहे, असू दे की, पण असली तर ती वहीत मांडलेली असावी.

परत ये असं मी म्हणत नाहीये. तू येऊन काय करणार, दोन महिन्यांत तुझं आणि आईचं भांडण होईल आणि वहिनीला दोघींचं करावं लागेल. पैसे दे. पुण्यातल्या तुझ्या वाकडच्या फ्लॅटचं भाडं सव्वीस हजार येतं म्हणतेस, ते सध्या तुझ्या बचतीत पडतंय, ते या महिन्यापासून सांगलीला जाऊ दे. त्यातून बाबांसाठी दिवसपाळीची बाई ठेवा. आणि हे दादाशी परस्पर ठरवू नकोस, वहिनीला विचार की तुला किती ते कितीची मदत हवी म्हणजे तीनला पोरं परत बसवता येतील.

जाता जाता, ते भाडं अजून पुण्याच्या जुन्याच सेव्हिंग खात्यात येत असेल तर ते खातं एनआरओ (एनआरआयचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घे, परदेशात राहणाऱ्याला साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. भाडेकरूलाही सांग की मालक एनआरआय असला की भाड्यातून त्याने टीडीएस कापायचा असतो, तीस टक्के आणि वर सेस, दर महिन्याला. म्हणजे हातात सव्वीस येणार नाहीत, अठराच्या आसपास येतील, ते धरूनच वहिनीशी बोल. तू रिटर्न भरलंस आणि तुझा टॅक्स कमी बसत असेल तर जास्तीचे परत मिळतात. पंधरा वर्षं आयटीत काढलेल्या मुलीला मी हे सांगतेय, पण तुम्ही लोक कोडमधला कॉमा शोधता आणि स्वतःचं पासबुक उघडत नाही.

आईचं म्हणशील तर तिला मडक्यांची लाज वाटते असं मला पत्रावरून वाटलं नाही. तू तिला काय पाठवतेस? निळ्या टाइल्सचा फोटो, फळबाजाराचा फोटो, ओल्या मातीवर ऊन पडल्याचा फोटो. शेजारीण विचारते, मग भागतं कसं तिचं? तर त्याचा फोटो नाही तुझ्या आईकडे. म्हणून ती "कंपनीत आहे" म्हणून मोकळी होते, ते खोटं नाहीये, ते रिकामी जागा भरणं आहे. तिला आकडे सांग. भाडं इतकं, कपाला अठरा युरो मिळतात, आठवड्याचे तीन दिवस कॉम्प्युटरचं काम करते, हिवाळ्यात घर आतून बाहेरपेक्षा गार असतं आणि कप आठ-आठ दिवस वाळत नाहीत. हे ऐकून ती काळजी करेल, करू दे, पण चारचौघांत तिला बोलायला काहीतरी खरं मिळेल.

काकांना सोड. त्यांनी आयुष्यात चहाचा कप कधी विसळला असेल असं वाटत नाही.

आणि पळून आलीस का, तर हो, थोडी आलीसच की. रात्रभर दात आवळून झोपणारा माणूस पळणार नाही तर काय करेल? ते काही पाप नाही, पळताना घराची कुठली कडी उघडी राहिली एवढं बघायचं असतं.

रविवारी फोन कर. आईच्या फोनवर नको, स्पीकरवर सगळे जमतात आणि मग कुणीच काही बोलत नाही. वहिनीच्या नंबरवर कर, तुझ्याकडचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात इकडे अडीच वाजतात, बाबा झोपलेले असतात आणि तिची भांडी आवरलेली असतात. पहिली दहा मिनिटं चाकाबद्दल एक शब्द बोलू नकोस.