उतारावरचा ठोकळा आणि दोन उत्तरं

प्रश्न : ब्रिटनमध्ये ए-लेव्हल (तिथली बारावीच्या पातळीची परीक्षा) मेकॅनिक्सचा अभ्यास आम्ही चौघं एकत्र करतो. ३० अंशांच्या उतारावरून ठोकळा घसरतोय, घर्षणगुणांक ०.२. त्वरण दोघांचं ३.२ येतं, दोघांचं २.९. चुकतं कुठे?

उत्तर : २.९ वाल्यांनी लंब प्रतिक्रिया, म्हणजे उताराचा ठोकळ्यावरचा काटकोनातला रेटा, वजनाइतकीच धरली. ती वजन गुणिले कोसाइन ३० असते. गुरुत्वत्वरण ९.८, साइन ३० म्हणजे ०.५ आणि कोसाइन ३० म्हणजे ०.८६६. म्हणून त्वरण = ९.८ × (०.५ − ०.२ × ०.८६६), म्हणजे ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. वस्तुमान दिलेलं नाही म्हणून अडू नका, ते दोन्हीकडून उडतं. आणि ९.८ वापरल्यावर ३.२०२६ लिहिणं ही नसती हौस. दोन-तीन सार्थ अंक पुरे.

एकत्र बसता तेव्हा आधी प्रत्येकाने नुसती बलांची आकृती काढावी, मग वह्या बदलाव्यात. समीकरण दुसऱ्याने मांडायचं. विसरलेला बाण तिथेच सापडतो.