गाडी गेली, पण सांगाडा सांभाळा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: रविवारी सकाळी मुंबईच्या कोस्टल रोडवर मागच्या गाडीवाल्याने लाइट मारमारून थांबवलं, उतरून बघता तर मागच्या जाळीतून धूर, आणि बंब येईपर्यंत चौदा वर्षं जुनी, मागे इंजिन असलेली दोन सीटची गाडी संपली. आता विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणतोय 'इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊन', भंगारवाला रोज फोन करतोय, घरचे म्हणतात लोखंडापायी एवढं काय, आणि तुम्हाला सांगाडा परत घेऊन गाडी नव्याने उभी करायची आहे.

घरच्यांचं सोडा. वाईट वाटायचं तेवढं वाटणारच. पण क्लेमचा निकाल लागेपर्यंत त्या सांगाड्याकडे फक्त पुरावा म्हणून बघा. टोईंगवाल्याने गाडी कुठे ठेवलीय ते आजच्या आज जाऊन बघा. धुऊ देऊ नका, गॅरेजवाल्याला बॅटरी किंवा वायरिंग काढू देऊ नका, आणि सर्व्हेअरकडून लेखी आल्याशिवाय एक बोल्टसुद्धा हलू देऊ नका. उघड्यावर असेल तर ताडपत्री टाका. मग उजेडात सावकाश फोटो काढा, आधी लांबून चारही बाजूंनी, नंतर इंजिनचा एकेक कोपरा.

बघायचं काय? आग खालून वर चढते, त्यामुळे सगळ्यात खाली जिथे जळालंय तिथून सुरुवात करा. पत्र्यावरचा रंग काजळीसकट पूर्ण उडून पत्रा पांढरट पडलाय, तिथे उष्णता जास्त वेळ होती. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं त्याच्या बरंच पुढे, १०८५ला. म्हणजे इंजिनवरचं ॲल्युमिनियम ओघळलं तरी बऱ्याचदा वायरीतलं तांबं शाबूत राहतं, आणि तेच बोलतं. तुटलेल्या वायरीच्या टोकाला मोहरीएवढा गुळगुळीत गोल मणी दिसला आणि त्याच्या मागची तार जशीच्या तशी असली, तर तिथे शॉर्ट झालाय. अर्थात शॉर्टमुळे आग लागली की आगीने वायरीचं प्लास्टिक जाळल्यावर शॉर्ट झाला, हे एका मण्यावरून कोणी छातीठोकपणे सांगू नये. सर्व्हेअरने तर नाहीच नाही. तो 'इलेक्ट्रिकल' कशावरून म्हणतोय, कुठली वायर, कुठला फोटो, हे लेखी मागा.

दुसरी जागा म्हणजे पेट्रोलचा पाइप. रबर जळून जातं, पण त्याच्यावरची स्टीलची क्लिप राहते. क्लिप जागेवर आहे का, आवळलेली आहे का, की एका बाजूला घसरलीय? अशा गाड्यांत इंजेक्टरच्या लाइनमध्ये साधारण ३ बारच्या वर दाब असतो. होजला केसाएवढी चीर पडली तरी पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं, आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. महिनाभर कव्हरखाली उभी, मग एका रविवारी सणसणीत पळवली, या चालीने रबर लवकर कडक होतं. त्यात आपली दमट खारी हवा, क्लिपा गंजतात. शिवाय मुंबईचे उंदीर. इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी आणि पाइप दोन्ही कुरतडतात.

आणि हो, प्रत्येक आगीचं खापर ई-२०वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फोडायची सध्या पद्धत पडलीय. एप्रिल २०२३पासून नव्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असे येतात, तुमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची, आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही हे खरंच. पण क्लिप आणि पाइपाचा तुकडा हातात नसताना क्लेममध्ये हे लिहू नका. उगाच नवा वाद काढून बसाल.

धूर आधी कसा कळला नाही, याचा घोर लावून घेऊ नका. इंजिन पाठीमागे असतं तेव्हा वास आणि धूर दोन्ही मागेच जातात. वेगात असताना वारा पेट्रोलची वाफ उडवून नेतो, गाडी थांबली की ती तिथेच साचते आणि भडकते. आग विझवायचा छोटा सिलिंडर असता तर गाडी वाचली असती का, हेही विचारलंय. एक किलोचा सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो, इंजिनचं झाकण बंद असेल तर पावडर आत पोचत नाही, आणि सताड उघडलं तर आगीला हवा मिळते. चावी बंद करून लांब गेलात, १०१ला फोन केलात, हे उत्तम केलंत. बोगद्यातून बाहेर आल्यावर हे झालं, हे काय कमी आहे?

शिवाय देखभालीत कसूर असल्याशिवाय गाडी पेटत नाही, असं सुनावणारे भेटतील. त्यांना सांगा, २०१०मध्ये फेरारीने ४५८ इटालिया परत बोलावल्या, कारण चाकाच्या कमानीत वापरलेला चिकटद्रव तापून पेट घेत होता. २०१४मध्ये पोर्शेने ९११ जीटी३च्या ७८५ गाड्या थांबवल्या आणि सगळ्यांची इंजिनं बदलली. इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत होते. त्या तर कोऱ्या गाड्या होत्या.

आता पैशांचं. तुमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, नुसती थर्ड पार्टी असती तर विषयच संपला असता. पॉलिसीचा पहिला भाग काढा. त्यात आग, स्फोट, सेल्फ इग्निशन (आपोआप पेट घेणं) आणि आकाशातली वीज हे शब्द सरळ छापलेले असतात. खाली अपवादांत झीज आणि मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊन असतं, सर्व्हेअर तेवढंच बोट ठेवून दाखवतोय. तुमचं म्हणणं असं मांडा: खराब झालेल्या वायरीचे किंवा पाइपाचे पैसे देऊ नका, पण त्यातून लागलेली आग ही आगच आहे आणि तिचं संरक्षण मी विकत घेतलंय. सोबत फायर ब्रिगेडचा आगीचा दाखला आणि पोलिसांची नोंद जोडा.

एक्झॉस्ट बाहेरून बदलला होता आणि ॲम्प्लिफायर लावला होता, हे लपवू नका. लोखंड जळत नाही, सर्व्हेअरला तो एक्झॉस्ट दिसणारच आहे. लपवलेलं सापडलं तर बाकी सगळं खरं असूनही तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल?

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवलेली असते, तेव्हा रिन्युअलला स्वस्तात पडावं म्हणून आकडा खाली आणला असेल तर आता तोच मिळेल. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागात लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सांताक्रूझला विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. फक्त कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जा.

सांगाडा परत घ्यायचं मात्र डोक्यातून काढा. आगीत तापून पाण्याने एकदम थंड झालेल्या चॅसीच्या ताकदीचा भरवसा धरता येत नाही, इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं, अख्खं वायरिंग बाहेरून मागवायचं म्हणजे ड्युटीसकट किती होईल ते तुम्हीच मोजा. ओपेरा हाउसच्या गल्लीत नाहीतर कुर्ल्याला सगळं मिळतं असं म्हणतात, पण या गाडीचं नाही मिळत. गिअरची मूठ किंवा चाक आठवण म्हणून हवं असेल तर कंपनीला सांगून, यादीत लिहून घ्या.

आणि तो भंगारवाला रोज फोन का करतोय, याचा विचार करा. जळक्या पत्र्याला त्याच्या लेखी फारशी किंमत नाही, किंमत आहे आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) आणि चॅसी नंबराला. चोरीच्या तशाच गाडीवर तो नंबर ठोकला की ती कागदोपत्री तुमची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५प्रमाणे गाडी नष्ट झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमची एमएच-०१ आहे, म्हणजे ताडदेव. पोच घ्या, आणि ती हातात येईपर्यंत कोणालाही मूळ आरसी देऊ नका.

पुन्हा अशी गाडी घ्यावी का? घ्या की. फक्त घेतल्याबरोबर रंग आणि चाकांच्या आधी पेट्रोलचे सगळे होज आणि क्लिपा नव्या टाका, बॅटरीच्या मुख्य वायरीला फ्यूज बसवा, आणि इंजिनजवळ आपोआप सुटणारी अग्निशमन नळी मिळते ती लावून घ्या. घरच्यांना आधी सांगायचं की गाडी दारात आणल्यावर, ते तुमचं तुम्ही बघा.