कैफियतीचे तीस दिवस

पक्षकार समन्स घेऊन आला की आधी विचार, कागद हातात कधी पडला? ती तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ प्रमाणे कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, तिथून ३० दिवस, कोर्टाने कारण नोंदवून वाढवले तर ९०. व्यापारी सोडून इतर दाव्यांत त्यापुढेही क्वचित दार उघडतं. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर नाही म्हणजे नाही.

आपल्या रत्नागिरीकडचे वाटपाचे दावे तुला लवकरच भेटतील. एक भाऊ गावात आंब्याची कलमं राखतोय, बाकीचे चाकरमानी. ‘जुने सातबारे पाठवतो’ म्हणतात आणि गणपतीला उगवतात. मी असाच वाट बघत बसलो आणि ‘कैफियतीविना’ आदेश झाला. चूक माझीच. होतं तेवढ्यावर कैफियत द्यायची, दुरुस्ती मागाहून मागता येते.

जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण नकलेचा अर्ज टाकायला तू घालवलेले नाहीत. निकालाच्याच दिवशी अर्ज दे, चहा नंतर.

अपिलाला उशीर झालाच तर मुदत कायद्याच्या कलम ५ चा विलंब माफीचा अर्ज. त्यात ‘वकील आजारी होते’ एवढंच नको. तारीखवार लिही, दवाखान्याचे केसपेपर जोड. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलालमध्ये म्हटलंय खरं, पण दर वेळी ते चालत नाही. घोळ तुझा असेल तर प्रतिज्ञापत्रही तूच कर, कारकुनावर ढकलू नकोस.