दिशा चुकते, पण नावं आठवतात

«माझं वय 54. आईला अल्झायमर्स होता. गेल्या काही महिन्यांत रोजच्या रस्त्यावर दोनदा वळण चुकलं. परवा तळघरातल्या पार्किंगमध्ये कुठल्या बाजूला जायचं तेच सुचेना. कुणी बोलत असलं की हातातलं काम चुकतं. नावं, तारखा मात्र चोख आठवतात. नवरा म्हणतो, तुझं काहीतरीच. जनुकीय चाचणी करून घेऊ का?»

ताई,

काहीतरीच नाही. अल्झायमर्स म्हटलं की घरच्यांना फक्त विसरणं आठवतं, म्हणून तुमची भीती यजमानांपर्यंत पोचत नसावी. आपण कुठे आहोत, घर कोणत्या बाजूला, याचा हिशेब मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागूनच असलेला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स ठेवतात. तिथल्या पेशींच्या शोधाला 2014 चं नोबेल मिळालं. या आजारात टाऊ प्रथिनाच्या गाठी फार लवकर दिसतात त्या याच भागात. 2019 च्या एका अभ्यासात लोकांना मोबाइलच्या खेळात होडी हाकायला दिली होती. कसलीही तक्रार नसलेल्या, पण एपीओई-ई4 हे अल्झायमर्सचा धोका वाढवणारं जनुकरूप असलेल्या माणसांनी तिथे लांबचे मार्ग घेतले. नेहमीच्या स्मृतिचाचणीत मात्र ती इतरांच्या बरोबरीची होती.

पण हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. दोन चुकलेल्या वळणांवरून तुमचं निदान कुणी करू शकत नाही, आणि तुम्हीही रात्री जागून करू नका.

मला तुमच्या लक्षाबद्दल जास्त विचारायचंय. वळणाच्या वेळी मन कुठे होतं? लक्षच नसेल तर रस्ता नोंदला जात नाही, मग आठवणार काय? अपुरी झोप, उदासी, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, झोप आणणाऱ्या काही गोळ्या, पाळी जाण्याचा काळ, यांतलं काहीही लक्ष असं विखरून टाकतं आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहेत. विचारांच्या नादात वळण चुकलं आणि थोडं पुढे गेल्यावर उमगलं, हे कुणाचंही होतं. तळघरातलं पार्किंग तर मी मोजणारच नाही, तिथे सगळे खांब सारखेच. पूर्ण लक्ष असूनही ओळखीच्या जागी दिशाच हरवणं, आणि ते वाढत जाणं, हे वेगळं. प्रत्येक प्रसंग तारखेसह लिहून ठेवा: कुठे, कशी झोप झाली होती, किती वेळात सावरलात.

ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. दवाखान्यातल्या छोट्या चाचण्यांत वार-तारीख, शब्द, आकृत्या असतात; रस्त्याचं बहुधा कुणी विचारत नाही. गुण चांगले पडले तरी रस्त्याचं आपणहून सांगा.

जनुकीय चाचणी आत्ता नको. ई4 मुळे धोका वाढतो, पण ते असूनही अनेकांना आजार होत नाही, आणि नसूनही होतो. शिवाय तो निकाल तुमच्या एकटीचा राहत नाही, भावंडांचा नि मुलांचाही होतो. करायचीच झाली तर आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. आईंचा आजार 65 च्या आत सुरू झाला होता का, हे मात्र डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्यावर पुढची दिशा बदलू शकते.

यजमानांना सोबत न्या. तुम्हाला न जाणवलेलं काही त्यांनी पाहिलं असेल, आणि तुमची काळजी त्यांनी डॉक्टरांसमोर बसून ऐकायला हवी.