सातवीच्या मुलांना समीकरण कसं शिकवावं?

‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य सुरुवातीला टाळाच. मुलं ते घोकतात आणि ३क्ष = १२ मध्ये १२ मधून ३ वजा करून ९ उत्तर काढतात. (दरवर्षी. न चुकता.)

त्याऐवजी तराजू काढा. डाव्या पारड्यात दोन बंद पिशव्या आणि ३ लाडू, उजवीकडे ११ लाडू; पिशव्यांचं वजन धरायचं नाही, दोन्हींत लाडू सारखेच. दोन्हीकडून तीन-तीन लाडू उचला, उरलेल्याचे दोन भाग करा. पिशवीत ४! मगच २क्ष + ३ = ११ फळ्यावर लिहा. उत्तराचा ताळा मुलांनाच करू द्या: ८ + ३ = ११.

क्ष − ५ = २ ला मात्र तराजू अडतो; तिथे ‘मनात संख्या धर, ५ वजा कर’ हा खेळ उलटा चालवा.